फुर्टाडोचा पंप

फॉल रिव्हरच्या चढावर, कापडगिरणीच्या वळणाला,
आन्सेल्मो फुर्टाडोने पंप टाकला, एक्कावन्न साली.
आडवी काळी रबरी नळी;
चाक गेलं की आत घंटा, टिंग-टिंग,
की हा बाहेर, खिशात फडकं.
काच पुसायचा. तेलाची सळई उजेडाला धरून
म्हणायचा नुसतं 'हं',
नाडी बघितलेल्या वैद्यासारखं.

आम्हा पोरांचं वजन कमी,
सायकल गेली तर घंटा गप्प.
मग तिघं मिळून उडी.
तो यायचा, गाडी नसायची.
कधी ओरडला नाही.
त्याची मुलगी ओदिलिया ओरडायची.

त्र्याहत्तरच्या टंचाईत रांग चर्चपर्यंत.
म्हाताऱ्या फिलोमेनाला त्यानं
रात्री मागच्या दारानं दोन गॅलन दिलं.
गावाला कळलंच.
सकाळी नळी कापलेली.
ओदिलियाने पंक्चरचं ठिगळ लावलं,
कोणी कापली ते विचारलं नाही.

पुढे समोर सेल्फ-सर्व्हिस आलं,
चार सेंट स्वस्त.
लपवू कशाला, आम्हीही गेलो;
मान खाली, नळी स्वतःच्या हातात,
आणि तो रस्त्यापलीकडून
हात करायचा.

टाक्या उपसल्या त्याच्या मागे.
माती ट्रक भरभरून नेली, नियमाप्रमाणे.
खड्ड्यातल्या पाण्यावर
महिनाभर रंगीत तवंग.

ओदिलियाच्या दाराशी, परवा,
तीच नळी दिसली, ठिगळासकट.
आता माझं एकट्याचं वजन पुरतं.
पाय ठेवला.
आत टिंग.
ओरडलीच ती.