कोपऱ्यातला ठिपका

बीए दुसरं वर्ष, खोली नंबर अकरा.
खिडक्यांना जुन्या बॅनरांची उलटी बाजू लावून
मी अंधार केला आणि सिनेमा लावला.
स्पीकर बिघडलेला. चालेल, म्हटलं,
घर ओळखायला आवाज लागत नाही.

पडद्यावर जेवण चाललेलं.
मुलगा काहीतरी सांगतो, ताटाकडे बघत.
बाप उठतो,
भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतो,
सावकाश, बारा वेळा.
परत बसतो तेव्हा मुलाचं सांगून झालेलं असतं.

थांबवलं. लिहा म्हटलं, काय दिसलं.
कोणी लिहिलं टाळणं, कोणी दमन,
एकाने भावनिक अंतर, खाली दोन रेघा मारून.
मी बरोबरच्या खुणा करत गेले.
मागच्या बाकावरून प्रणोती धकाते म्हणाली,
"पण मॅडम, तो काहून उठला?
घड्याळ तं चालूच होतं."

माझा बाप ऑपरेटर होता.
सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतलं टॉकीज,
आता तिथे गाड्या लावतात.
कार्बनच्या कांड्या, काळी काच,
बनियनला ठिणग्यांची भोकं.
सिनेमे हजार पाहिले त्याने, एकही पूर्ण नाही.
नजर कायम पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर.
"तिथं ठिपका येते पोरी, डोळा लवला का गेला.
पह्यला आला का दुसरी मशीन चालू करायची,
दुसरा आला का बदलायचं.
खालच्याइले वाटलं पाह्यजे, एकच रीळ हाय."

हे तो घरीही करत होता,
हे कळायला मला दोन पदव्या लागल्या.

आईचा डी.एड.ला नंबर लागला होता, भंडाऱ्याला.
पाठवलं नाही.
तो विषय निघायच्या आधी
तिचं लाटणं पोळीवर अर्धा क्षण थांबायचं.
तो पहिला ठिपका.
मग पदराने कपाळ पुसायची, घाम नसला तरी.
तोवर बाप बादली घेऊन उठलेला,
"कूलरमंधी पाणी टाकून येतो."
घरभर खसचा ओला वास,
आणि घरघरीत पुढचं रीळ.

एकदा तर डिसेंबरात उठला.
कूलर गोणपाटात बांधून ठेवलेला.
रिकामी बादली धरून अंगणात उभा राहिला,
मी दारातून बघत होते.
आत पोळ्या होत राहिल्या.

आमच्या घरी कधी भांडण झालं नाही,
असं मी सांगत आले.
मैत्रिणींना, सासरी,
आणि कोर्टात समुपदेशक बाईंनाही.

त्याला भीती एकाच गोष्टीची.
मला कांजिण्या निघाल्या त्या साली
एकदा ठिपका चुकला.
रीळ संपलं, पडदा पांढराफटक.
शिट्ट्या, खुर्च्यांची आपटाआपट,
कोणाची तरी चप्पल थेट पडद्यावर.
त्या रात्री तो जेवला नाही.
"लोकाइले पांढरं पाहवत नाही," एवढंच म्हणाला.

काल रात्री, त्रिमूर्तीनगर, तिसरा मजला.
निहार ताटाकडे बघत म्हणाला,
"मला बाबांकडे जायचंय, पुण्याला. राहायला."
माझे गुडघे माझ्या आधी उठले.
गॅस बघून येते, हे वाक्य तोंडात तयार.
गॅस बंद होता.
मीच केला होता, दहा मिनिटांपूर्वी.

खुर्चीची पाठ धरून उभी राहिले थोडी.
मग बसले.

समोर काहीच नव्हतं लावायला.
पांढरं नुसतं,
आणि त्यात त्याचा चेहरा, नुकती मिसरूड फुटलेला,
आईसारखाच कपाळ पुसणारा.
मी कधी पाहिलंच नव्हतं हे.
फ्रिज थरथरून बंद पडला, परत सुरू झाला.
शिट्टी कोणी वाजवली नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
"भात वाढ थोडा."