हँडल मारायची रीत

सियागंजात हातिमभाईंचं दुकान रविवारी बंद असतं,
म्हणजे शटर अर्धं खाली असतं
आणि आत वाकून गेलं की गास्केटांच्या ढिगात
तीन म्हातारे, एक टेबल.
मी फोटो ठेवला.
मावसबहिणीच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या घडीत सापडलेला,
पोस्टकार्डाहून लहान,
वरून बुरशीनं खाल्लेला.
म्हटलं, हा माणूस कोण, कळेल का?

‘बेडफर्ड,’ टिल्लू म्हणाले.
‘ऑस्टिन,’ वीरजी म्हणाले.
मग मला खुर्ची मिळाली
आणि दीड तास माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

त्या दोन गाड्या सख्ख्या बहिणींसारख्या, हे मला तेव्हा कळलं.
तेच फुगलेलं नाक, तेच मडगार्डाचे खांदे,
नावाची पट्टी नेमकी बुरशीखाली.
टिल्लूंनी रुमालात गुंडाळलेलं भिंग काढलं,
जाळीच्या पट्ट्या मोजल्या,
पुन्हा मोजल्या, दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या.
‘बेडफर्डला डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे.
महूला एका नव्या क्लीनरनं सरळ समजून पाना लावला,
वर उभा राहून नाचला.
नट तुटला, पोरगं नालीत.’
‘फोटोत आटे दिसतात का, यार?’
‘मी गाडीचं सांगून राहिलो, तू काय बोलून राहिला!’

मग भेरूघाट निघाला.
अर्धी सवारी उतरून पायी चढायची,
क्लीनर लाकडाचा गुटका घेऊन चाकामागे,
आणि वर पोचल्यावर रेडिएटरला पाणी आधी,
माणसांना नंतर.
पेट्रोलचं इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल बसवलं
की गाडीचा गळाच बदलायचा,
वीरजींनी दोन्ही आवाज काढून दाखवले,
शटरबाहेरचं कुत्रं उठून गेलं.
कुणा डॉक्टरांची मोरचुदी रंगाची हिलमन होती,
तिच्या इंडिकेटरचा हात दारामधून वर यायचा
उत्तर येणाऱ्या मुलासारखा
आणि खाली यायला विसरायचा.
तुकोगंजपासून छावणीपर्यंत ती
वळते वळते म्हणत सरळ गेली होती.
मी हसले. चाळीस वर्षं मास्तरीण होते,
असे हात मी पाहिले आहेत.

हातिमभाई इतका वेळ गप्प.
त्यांनी भिंग ओढून घेतलं, जाळीवरून खाली आणलं,
बंपराशी वाकलेल्या माणसावर,
त्याच्या हातातल्या हँडलावर.
‘गाडी कोई भी हो,’ ते म्हणाले,
‘अंगूठा देखो.’

अंगठा मुठीत नव्हता.
चार बोटांच्या शेजारी, त्याच बाजूला, पाचवं बोट होऊन बसला होता.
‘इंजिन उलटा झटका मारतं, बहनजी.
मूठ वळली की अंगठा गेला, कधी मनगटही.
हा शिकलेला हात आहे.’

दादा चहाचा पेला असा धरायचे.
छत्री, खराटा, जिन्याचा कठडा,
सगळं पाच बोटं एका अंगाला लावून.
आई म्हणायची, माकडासारखं काय धरता.
आम्ही चोरून नक्कल करायचो.
आणि शाळेच्या पहिल्या दिवशी
माझं मनगटही त्यांनी तसंच धरलं होतं, सैल,
जणू मीही कधी उलटी फिरेन
आणि त्यांना हात वेळेवर काढून घेता यायला हवा.

चेहरा अजून बुरशीतच आहे.
मी कोणाला काही बोलले नाही,
हातिमभाईंनी मात्र पोराला चहा सांगितला,
माझ्या चहात साखर जास्त.

बुधवारी टिल्लूंचा फोन.
‘ताई, झोप नाही आली. पक्कं. बेडफर्डच.’
मी म्हटलं, हो, असेल.
ते जरा दुखावलेच.
इतक्या सहज कोणी हो म्हणतं का?