अख्खा, पाकळी, तुकडा

शर्वरीने कोल्हापुरातून यादी पाठवली:
बावीस वस्तू, पुढे किमती,
शेवटी एक हसरा चेहरा.
जेवणाच्या सुट्टीत वाचली ती,
काजूच्या पाटीला फोन टेकवून,
आणि सवयीने निवडायला घेतली.

अठरा वर्षं हेच करते मी वेंगुर्ल्यात.
अख्खा इकडे, पाकळी तिकडे,
तुकडा खालच्या डब्यात.
डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं.

पाण्यात घालायचा रबरी सूट: खालच्या डब्यात.
आमचा समुद्र डिसेंबरातही
निवत आलेल्या पेजेसारखा.
वेग सांगणारं घड्याळ: खालच्या डब्यात.
पॅडलला अडकणारे बूट: त्यांची गरज नाही,
पडायचं कसं ते मला आधीच येतं.

गॉगल मात्र अख्खा.
पहिल्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी उतरले होते सागरेश्वरला,
रात्रभर डोळ्यांत मीठ दळत होतं कुणी.
सावंतवाडीच्या दुकानात पट्टी न लावता
एकेक गॉगल डोळ्यांवर दाबला, हात सोडला.
दोन पडले. तिसरा चिकटून राहिला.
साडेतीनशे.
दुकानदार म्हणाला, कोणाकडून शिकलात?
मी पाकीट शोधत राहिले.

इनासमामाने मागून पोदेराची जुनी सायकल काढली.
कॅरियरवर टोपलीचा गोल गंज,
हँडलला अजून पावाचं पीठ, निदान मला तसं वाटलं.
जड नाही का ही, विचारलं.
"गो, आधी चाकात हवा भर,
मगे वजनाचा बोलूया."
चैन नवी, ब्रेकचे रबर नवे.
"टाच पॅडलार ठेव. गुडगो सरळ जाता मा?
झाला. हीच तुझी सीट."

हेल्मेट सुनंदाने आणलं,
नवऱ्याचं, स्कूटरवरचं.
आतल्या स्पंजाला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास.
घातलं. डगडगलं.
मान हलवली की ते वेगळीकडे बघायचं.
परत दिलं तेव्हा पिशवीत घालण्याआधी
तिने आतून एकदा हात फिरवला.
मग नवं घेतलं, दिवाळीची उचल मोडून,
पिवळं, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढं घट्ट.
यादीतली सगळ्यात महाग वस्तू.
किंमत सुनंदाला सांगितली नाही.

कपडा तिन्हींना एकच.
मुनाफ शिंप्याला म्हटलं:
गुडघ्यापर्यंत हवा, बाह्या कोपरापर्यंत,
पाणी धरू नये आणि लोकांनी बघू नये.
तो टेप गळ्यात टाकत म्हणाला,
पहिलं करतो. दुसरं माझ्या हातात नाही.

बूट रोजचेच, घासलेले बाहेरच्या बाजूने,
म्हणजे मी चालते तशीच धावते, तिरकी.
फक्त नाडीच्या जागी मुनाफकडचं इलॅस्टिक,
ओल्या हातांनी गाठ मारायला नको.
आणि काजू फोडायला बसताना हातांना लावतो
ते खोबरेल: काखेत, मानेला, जांघेत.
यादीत त्यासाठी नऊशेची डबी होती.

शर्वरीला लिहिलं, सहा ठेवल्या.
ती म्हणाली, आत्या, बाकीचं?
तुकड्याचीही बर्फी होते, म्हटलं.

आज पहाटे पहिल्यांदा सगळं घेऊन गेले.
सायकल सुरूच्या झाडाला, बूट उघडे, तोंड माझ्याकडे,
टॉवेलवर हेल्मेट उलटं, पट्टे बाहेर.
गिरपांची होडी परतत होती.
रवळू गिरप नुसता ओरडला,
"वैजू, डाव्या हाताक जाव नको, ओढता!"
हे बावीसमध्ये नव्हतं.

गॉगलात थुंकले, चोळलं, धुतलं.
कमरेपर्यंत गेले.
मग छाती. मग पायाखाली वाळू होती,
मग नव्हती.

त्या वेळी काय धरायचं
ते शर्वरीनेही लिहिलं नव्हतं.
बोटं आपोआप जुळली, सवयीची,
चिमटीत काहीतरी शोधत.
पाणी चिमटीत येत नाही.

मग पंजा उघडला.
अख्खं, पाकळी, तुकडा काही नाही,
एक हात पुढे, मग दुसरा.