सैल सांधा

लाकडी बंदरावर माझा गाळा.
मोडीत निघालेल्या गलबताची डोलकाठी
तीन वर्षं आडवी पडली होती.
गिऱ्हाईक मिळेना, फाडायला जीव होईना.

एका दुपारी लियांगबाई आल्या.
माझगावात त्यांचं केस कापायचं दुकान,
वय साठीचं, उंची माझ्या खांद्याएवढी,
हातात शाळेच्या वहीचं पान, त्यावर पेन्सिलीने
एक माणूस : डोकं नाही, हात तीन, पाय एक.
"मेस्त्री, असा गडी बनवून दे."
"देव आहे काय तुमचा?"
हसल्या. "देव नाय रे. मार खाणारा."

रंध्याच्या पहिल्याच सपाट्यात सागाचं तेल नाकात आलं,
त्यामागून मीठ, जुनं, सुकलेलं.
आरपार चौकोनी भोकं पाडली.
वरचे दोन हात आत एकमेकांना ओलांडणारे,
म्हणून एक जरा वर, एक जरा खाली.
कुसं बसवली, पाचरी ठोकल्या
बापाने शिकवल्या तशा :
सांध्यात पोस्टकार्ड शिरता कामा नये.

बाईंनी एक हात धरून हलवला. हलेना.
"हे मेलेलं आहे," म्हणाल्या. "सैल कर."

सैल?
चाळीस वर्षं मी सैलपणाशी भांडलोय.
करकरणाऱ्या एका खाटेपायी
अख्ख्या लग्नघराच्या शिव्या खाल्ल्यात.
आणि ही बाई पैसे मोजून खुळखुळा मागते.

"घट्ट हात बोलत नाय, मेस्त्री.
थोडा यायला पाहिजे, थोडा जायला पाहिजे."
माझं मनगट स्वतःच्या मनगटावर ठेवून घेतलं.
"ढकल."
ढकललं, तर समोर कोणी नाही.
म्हणजे होत्या, पण माझा जोर होता तिथे नव्हत्या,
आणि त्यांची मूठ माझ्या बरगडीला लागून,
मागे न घेता, वीत नाही, बोटाचं एक पेर दूर.
पुढचं आठवतं ते भुशात बसलेलो मी
आणि तोंडावर हात धरून पोऱ्या.

गडी पोचवायला गेलो तेव्हा खोली पाहिली.
दहा बाय आठ. पलंग, शेगडी, शिवणयंत्र,
मध्ये उरलेली जागा एका पाटाची.
लांबून धावत येऊन मारायचं कुठून?
मला पहिल्यांदाच पटलं :
ही जागा नसलेल्यांची विद्या.
चहा गाळताना म्हणाल्या,
"बासष्टात बाप रोज चौकीवर हजेरीला जायचा.
परत आला की दार लावून हे शिकवायचा. आवाज न करता."
"कुणाला मारायला?"
"कुणालाच नाय. हात थरथरायचे त्याचे,
तेवढा वेळ थांबायचे."

चौदा वर्षांनी, गेल्या महिन्यात,
भाची टेम्पोतून गडी घेऊन आली.
बाई गेल्या. चाळ पाडणार आहेत.
"लाकूड चांगलं आहे म्हणतात. किती द्याल?"

रात्री शटर ओढून बल्बखाली पाहत बसलो.
डावा हात उजव्यापेक्षा जास्त झिजलाय.
डावखुऱ्या होत्या. इतके चहा प्यालो, लक्षातच आलं नाही.
पाय ज्या ठिकाणी पोटरी घासते तिथे काचेसारखा.
खोडावर, माझ्या बरगडीच्या उंचीला, वाटीएवढी खोल झीज.

मधला हात मात्र हलेना.
पाचर काढली, कूस ओढलं.
आत पुठ्ठ्याची घडी : हजेरीचं कार्ड,
रोजचा एक जांभळा शिक्का,
नाव बापाचं, स्पेलिंग चौकीतल्या हवालदाराचं.

शेजाऱ्यांना खडखड नको म्हणून घातलं असेल.
किंवा नसेल त्यासाठी.
पोऱ्याने सकाळी विचारलं, "टाकू?"
मी घडी होती तशीच आत सरकवली
आणि पाचर ठोकली,
पूर्ण नाही.