अर्थ

नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या.
फक्त पौष-माघात, रॉड बादलीत असताना.
परभणीची थंडी, पारा पाचावर,
मोरीतल्या फरशीचा गारठा टाचेतून गुडघ्यात,
आणि वरून हा नळ, मुंगळा डसल्यासारखा.
घरमालक बारहाते म्हणाले,
"चप्पल घालून अंघोळ करा की, ताई.
आम्ही वीस वर्षं तेच करायलोत."

वाहेदमामू समोरच्या गल्लीतले.
गावभर वायरी ओढल्या त्यांनी,
आता उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर ठेवतात.
आमच्या दारात खुर्ची टाकून बसले.
"मी सांगतो, तू कर.
आधी मेन पाड.
पाडलास? परत जाऊन बघ.
पाडलेल्या मेनवरही भरवसा नाही, टेस्टर लाव,
आणि टेस्टरलाही आधी चालू बोर्डात विचारून घे,
बाबा, तू जिता आहेस ना?"

स्क्रू चार. तीन निघाले, चौथ्याचं तोंड झिजलेलं.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे धरून पेचकस दाबला
तेव्हा कुरकुरत फिरला.
आत पालीची दोन अंडी,
लाल वायर, काळी वायर,
आणि वरच्या मोठ्या भोकामागे काहीच नाही.
हिरवी होती. पण चिकटपट्टी गुंडाळून
कोपऱ्यात दुमडून ठेवलेली,
शाळेत न घातलेल्या पोरीसारखी.

"लालमधून येतं, काळीतून जातं,
चुकलं तर हिरवीतून मातीत.
तुमच्या घराला अर्थच दिला नाही कुणी."
मी हसले. मामू हसले नाहीत.
"घराला अर्थ नसला की माणूस अर्थ होतो, बेटी.
हेल्पर होता माझा एक, गणपत्याचा सोपान…"
एवढंच बोलले, आणि चहा मागितला.

मागच्या बोळात खड्डा मीच खणला, तीन संध्याकाळी.
वर काळी माती, कुदळ धरून ठेवणारी,
छातीएवढं उतरल्यावर चोपण, मग मुरूम.
पाइप रऊफ भंगारवाल्याकडचा, किलोवर घेतलेला.
भोवती कोळसा, खडेमीठ,
पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.
दुधाणेबाई थबकल्या:
"कामून गं, लोणचं घालायलीस का?"

नवऱ्याचा चाकणहून फोन: वायरमन लाव, पैसे टाकतो.
टाकले.
त्यातून बारा मीटर हिरवी वायर आणली
आणि एक टेस्टर. माझा.

मग मेन चढवला.
साठचा बल्ब, एक टोक लालला, एक हिरवीला.
पेटला, पण बिडीच्या टोकाएवढा.
मामू म्हणाले, "माती तहानलीय. पाज."

पाणी.
नळ येऊन आठ दिवस झालेले, अजून दोन बाकी.
पिंपात किती उरलंय, मी न बघता सांगितलं असतं.
तांदळाचं धुवण ओतलं, भाजीचं ओतलं,
शेवटी एक कळशी, प्यायची.
सासूबाई उंबऱ्यात. बोलल्या नाहीत.
फक्त त्यांची नजर पाण्यामागोमाग
खड्ड्यात उतरत गेली.

बल्ब हळूहळू पांढरा झाला.
इतका, की बोळातल्या भिंतीवरचं
कुठल्याशा निवडणुकीचं चिन्ह,
दुधाणेबाईंची शेळी, माझे मातीने भरलेले पाय,
सगळं एकदम दिसलं.
सकाळी नळाला हात लावला.
गार होता. नुसता गार.

आता वैशाख. रॉड माळ्यावर.
तरी दर ऐतवारी खड्ड्याला तांब्याभर धुवण जातं.
मी विसरले तर सासूबाई विचारतात,
"त्याला दिलं का?"
नाव घेत नाहीत.

वरच्या मजल्यावर बारहाते
अजून चप्पल घालूनच अंघोळ करतात.
त्यांची हिरवी अजून दुमडलेली.
मी म्हणाले, जोडून देते, अर्ध्या तासाचं काम.
बघू म्हणाले.
टेस्टर कमरेलाच असतो माझ्या.