गेले

गोदामातली नोकरी सुटली तेव्हा
वुच शहरात, चौथ्या मजल्यावर बसून
मी ब्लॉग विकत घ्यायला लागलो.
छोटे. मालक कंटाळलेले, आजारी,
किंवा घरात नवं बाळ आलेलं.
हिशेब सरळ: महिन्याची मिळकत गुणिले तीस.
घासाघीस जमली तर अठ्ठावीस.

एक होता जुन्या शिलाई यंत्रांचा, दीड वर्षात पैसे फिटले.
एक कासवं पाळणाऱ्यांचा. तो बुडाला,
कासवाच्याच चालीनं, मला कळेपर्यंत वर्ष गेलं.

मग हाइनुव्काजवळच्या गेनोवेफाबाईंचा,
अळंबीचा.
बारा वर्षं, सातशे चाळीस लेख,
जाहिरातींचे महिन्याला एकोणीसशे झ्लॉटी,
सप्टेंबरात दुप्पट, कारण सप्टेंबरात
अख्खा पोलंड टोपली घेऊन जंगलात वाकलेला असतो.
फोनवर त्यांनी एकदाच विचारलं,
"तुम्ही कधी गेलायत का वेचायला?"
म्हटलं, हो, लहानपणी.
लहानपणी आम्ही डब्यातली खायचो.

अठ्ठावीसवर पटलं.
खरेदीखत साडेतीन पानी:
नाव, मजकूर, छायाचित्रं, वाचकांचे पत्ते,
जल-तरु-तृण-काष्ठ-पाषाणासकट म्हणतात तसं सगळं.
त्यात 'मी'सुद्धा आला.
लोक त्या 'मी'च्या ओसरीवर येऊन बसतात,
तो बदलला की गिऱ्हाईक उठून जातं.

आमच्या भाषेत क्रियापद बाई-पुरुष ओळखतं.
मी दाढी खाजवत लिहायचो:
आज पहाटे झेनॉनबरोबर जंगलात गेले.
पहिला आठवडा बोटं गेलो-गेलो करत राहिली.
मग सवय झाली. इतकी,
की एकदा पाववालीला म्हणालो, "काल मी आले होते,"
आणि तिनं सुटे मोजता मोजता वर पाहिलं.

झेनॉन मला जुन्या लेखांतून फुकटात मिळालेला:
हिरवे रबरी बूट, थर्मास, बेसूर शीळ,
अळंबी दिसली की बायकोला हाक न मारता
आधी तिथे काठी रोवून उभा राहणारा.
दर सोमवारी मी त्याला न्यायचो.
तो असला की आकडे चढायचे.

ऑक्टोबरात बाईंची मेल आली.
"छत्री-अळंबीच्या लेखातला फोटो काढा. आत्ता.
छत्रीचं कडं देठावर खाली-वर सरकतं.
तुमच्या फोटोतलं चिकटलेलं आहे, बुडाशी पिशवी आहे.
ती खाल्ली की माणूस आजारी पडतो,
मग त्याला बरं वाटतं,
मग मरतो."

खाली, एक ओळ सोडून:
"झेनॉन गेले. विकण्याआधी दोन वर्षं.
हंगाम तोंडावर होता, मीही लिहिलं नाही.
दोन हंगाम त्यांना तसंच चालवलं.
तेव्हा तुमच्यावर राग नाही."

फोटो उतरवला रात्री पावणेबाराला.
वर ठळक अक्षरांत चूक कबूल केली,
तीही बाईंच्याच आवाजात.
किती जणांनी पाहिला होता ते मला दिसतं. चारशे बारा.
पुढे पंधरवडाभर मी इस्पितळांच्या बातम्या वाचत होतो.
काही नव्हतं. तरी वाचत होतो.

मग वॉर्सातल्या एका कंपनीचा देकार: अडतीस पट.
काय काय मिळेल त्याची यादी मागितली होती.
मी यादी करायला बसलो,
नाव, मजकूर, छायाचित्रं,
आणि पुढे हात चालेना.
सोमवार होता. यादी बाजूला सारून लेख लिहिला:

आज झेनॉनचा उजवा गुडघा दुखत होता.
म्हणून एकटीच गेले.

संध्याकाळी हाइनुव्काहून दोनच शब्द आले.
"गुडघा डावा."