लाल ठिपका

पवननगरच्या गच्चीवर पापड राखता राखता
बोरस्तेबाई विचारतात, मग, काय बघितलं तिकडे?
मी म्हणते, काही दिसलं नाही.
त्यांना वाटतं, धुकं असेल.

झालं असं, की चॉकलेटचा कारखाना त्या दिवशी बंद निघाला.
टूरवाला देवरे म्हणाला, त्याऐवजी एक प्रयोगशाळा दाखवतो, फुकट आहे.
फुकट म्हटल्यावर एकोणचाळीस माणसं बसमधून उतरली.
मी पैसे देऊनही उतरले असते.

गाइड मुलगी तिशीची, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली.
म्हणाली, खाली जाता येणार नाही, यंत्र चालू आहे.
खाली म्हणजे शंभर मीटर,
आणि बोगदा गोल, सत्तावीस किलोमीटरचा.
मी मनात मोजलं: सातपूरहून त्र्यंबक, वर थोडं.
तेवढ्या वाटेत आमचा काळी-पिवळीवाला
अंजनेरीला पेरू घ्यायला थांबतो,
दोन माणसं मांडीवर बसवतो.
आणि तिथे ते कण, सेकंदाला अकरा हजार फेऱ्या,
कुणाला घेणं नाही, कुणाला उतरवणं नाही.

पिंपळगावचे कोठावदे, द्राक्षं परदेशी पाठवणारे,
त्यांनी विचारलं, लाइटबिल किती येतं?
तिने आकडा सांगितला.
कोठावदे थेट इटलीपर्यंत गप्प.

बाकीचे नटराजापाशी फोटो काढत होते.
मी पायाचे बोल्ट बघत होते. सवय.
एकतीस वर्षं अंबडच्या कारखान्यात
माप घेण्याच्या खोलीत बसले मी.
सबंध शेडमध्ये एसी तेवढ्याच खोलीला,
वीस अंश, ना वर ना खाली,
लोखंडासाठी, माणसांसाठी नव्हे.
एप्रिलात टर्नर लोक एकेक जॉब घेऊन यायचे,
मॅडम, जरा पुन्हा बघा ना,
आणि शर्टाचं वरचं बटण उघडून उभे राहायचे.
मीही सावकाश बघायची.

त्या साली चकत्यांची एक ऑर्डर आली होती,
स्टीलच्या, तळहाताएवढ्या.
कशासाठी, ते ड्रॉइंगवर नव्हतं.
आहेर फोरमन म्हणाला, इंदूरला जाणार,
पुढे म्हणे कुठेतरी परदेशात, जमिनीखाली.
खरं-खोटं त्यालाच ठाऊक.
त्यातल्या बेचाळीस मी नापास केल्या.
दोन शतांश मिलिमीटर.
आहेर चार दिवस माझ्या डब्याकडे बघेना.
दोन शतांश म्हणजे काय हो, म्हणाला,
त्यात मुंगीचा श्वाससुद्धा बसत नाही.

म्हणून मला खाली जायचं होतं.
पास झालेल्या कुठे आहेत,
आहेत की नाहीत, कशाखाली दाबल्या गेल्यात.
त्यांनी दाखवला निळ्या लोहचुंबकाचा कापलेला तुकडा,
काचेमागे, दुधी भोपळ्याची फोड ठेवावी तसा.
मी मुलीला म्हटलं, टॉलरन्स काय ठेवता?
ती थांबली. अंबाड्यातली पेन्सिल काढली,
माझ्या तिकिटामागे एक आकडा लिहिला.
मी मान हलवली. तिनेही.
सबंध युरोपात मी एवढंच बोलले.

नापासांतली एक चकती घरी आहे.
भंगारात जाताना आहेरनेच आणून दिली होती,
घ्या, म्हणाला, तुमची अक्कल.
कुंडीखाली असते, डुगडुगू नये म्हणून.

जानेवारीत, पहाटे, साडेसहाच्या सुमारास
आमच्या बाल्कनीत बरोबर वीस अंश येतात,
पाऊण तास टिकत नाहीत.
आज कुंडी उचलली, चकती पुसली,
जुना मायक्रोमीटर काढला, तीनदा माप घेतलं.
तीन वेगळी मापं आली.
हात थरथरतो आता.
एका मापाने ती पास होती.

मग उन्ह आलं, पारा चढला, बोरस्तेबाई पीठ मागायला आल्या.
चकतीवरचा लाल ठिपका मी नखाने खरवडून पाहिला.
निघत नाही.
रंग चांगला मिळायचा तेव्हा, सातपूरला.